तळमळ दिसताच

मंगळवार, २ फेब्रुवारी १९७१

पोचले एकदाची. पॅसेंजर रडतखडत पुणतांब्याला लागली तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं आणि माझ्याबरोबर फलाटावर उतरलं कोण, तर एक म्हातारा आणि त्याची शेळी. सेवाघराचा छगन टांगा घेऊन आला होता. रखवालदार, माळी, आचारी सगळं मीच, असं त्यानं टांगा सुरू व्हायच्या आत सांगून टाकलं. वाटेत कारखान्याकडे चाललेल्या उसाच्या बैलगाड्यांची ही रांग. एका गाडीतलं कांडं त्यानं चालत्या टांग्यातून उपसलं आणि मला दिलं. तर मी, केशर घोडके, पुण्याच्या मोठ्या इस्पितळात शिकलेली स्टाफ नर्स, नव्या नोकरीवर ऊस चोखत हजर झाले. आईला हे कळवायचं नाही.

सेवाघर गावाबाहेर, नदीच्या अंगाला आहे. लांबट कौलारू इमारत, पुढे पडवी, मागे पेरूची बाग. ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले अशांना इथे आणतात. बरं करायला नव्हे, तर शेवटचे दिवस कळा न सोसता जावेत म्हणून. सध्या तिघंच आहेत. रंभाजी म्हणून गळ्याच्या कॅन्सरचे एक आजोबा, हाडात दुखणं उतरलेली बनाबाई, आणि पोटात गाठ असलेली मुक्ताबाई. नर्स मी एकटीच. हाताखाली आया कडूबाई, पन्नाशीची, मऊ आवाजाची. तिला मी मावशी म्हणायचं ठरवलं.

खोली छान आहे. आईनं ट्रंकेत घातलेला बुद्धाचा फोटो खिडकीत ठेवला. बाबांनी छप्पन्न साली घरातला देव्हारा आवरला तेव्हापासून आमच्याकडे अंगारा, भूतबाधा, नजर असलं काही चालत नाही. छगननं नदीकाठच्या चिंचेबद्दल काहीतरी सुरू केलं होतं, ते मी तिथल्या तिथे बंद केलं.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

काम आवाक्यात आहे. अंग पुसणं, कूस बदलणं, जखमा धुणं, तोंडात पाण्याचे थेंब. पुण्यात एका हाताला चाळीस पेशंट असायचे, त्यापुढे हे म्हणजे माहेरपण.

इथलं खरं काम औषधाच्या कपाटावर चिकटवलेल्या एका पुठ्ठ्यावर चालतं. डॉक्टरसाहेब कोपरगावचे, जीपनं सोमवारी येतात. मधल्या दिवसांत कोणाला कळ आली तर काय करायचं, ते त्यांनी कायमचं लिहून ठेवलंय. आम्ही याला स्टँडिंग ऑर्डर म्हणतो. दुखलं तर अमुक, उलटी झाली तर तमुक. शेवटची ओळ लाल शाईत आहे: ‘तळमळ दिसताच मॉर्फिया पाव ग्रेन. न थांबल्यास पुन्हा. विचारण्यासाठी थांबू नये.’

वाचून मला जरा चमत्कारिक वाटलं. ऑर्डरवर पेशंटचं नाव हवं, किती वेळा द्यायचं ते हवं, ऑर्डर कधीपर्यंत चालायची ते हवं. इथे नाव नाही, गाव नाही. हा हुकूम माणसाला नाही, सबंध वॉर्डाला आहे. आमच्या मेट्रनबाईंनी असा कागद पाहिला असता तर डॉक्टरची गय केली नसती. सोमवारी विचारीन.

मुक्ताबाईशी गट्टी जमली. तिचा तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो. माझ्या टोपीला ती द्रोण म्हणते. सून गोदी दिवसांत आहे, महिन्याभरात बाळंत होईल, आणि ते लेकरू मांडीवर घेतल्याशिवाय आपण काही हलायचो न्हाई, असं तिनं मला बजावलं. मुलगा गोरक्षनाथ शेतीच्या कामातून मोकळा झाला की तिला पाहायला यायचा आहे. गाठ मोठी आहे खरी, पण ती दोन वेळा भाकरी खाते, नाडी चांगली आहे. मला तर ती इतक्यात जाणारी वाटत नाही.

सोमवार, ८ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब येऊन गेले. थकलेला, भला माणूस. नावांचं विचारलं. ते म्हणाले की इथली नावं इतक्या लवकर बदलतात की रोज पुठ्ठा बदलावा लागेल. पूर्वी एक पेशंट दोन दिवस ओरडत होता आणि तेव्हाची सिस्टर परवानगीसाठी त्यांची वाट बघत बसली. ते पोचले तेव्हा तो गेला होता, ओठ चावून चावून फाटलेले. त्या दिवशी त्यांनी ती लाल ओळ लिहिली. माझ्या सहीशिवाय ती कोणी बदलायची नाही, असं त्यांनी कडूबाईला आणि छगनलाही सांगून ठेवलंय.

मला पटलं. पेशंट तळमळतोय आणि नर्स कागद शोधतेय, हे मी पुण्यात पुष्कळ पाहिलंय आणि त्याचा मला मनस्वी संताप आहे. मी विषय सोडून दिला.

मुक्ताबाईबद्दल ते म्हणाले की हिला घरी नेली तरी चालेल, अजून काही महिने सहज काढेल. तिला सांगितलं तर तिनं माझा गालगुच्चाच घेतला.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आज रंभाजी आजोबांची तळमळ सुरू झाली. दुपारची वेळ, पडवीत लख्ख ऊन. आधी कडूबाईच्या लक्षात आलं. ते उजव्या अंगठ्यानं डाव्या तळहातावर तंबाखू मळल्यासारखं करत होते. हातात काही नाही, नुसतं मळणं. पाय चादरीला घासत होते. तोंड दाराकडे. गळ्यातून आवाज फुटत नव्हता, तरी पुन्हा पुन्हा तेच: गाडी जुंपली का, गाडी जुंपली का.

शेवटच्या दिवसांत असं होतं. माणसाला कुठेतरी जायचं असतं. मी पाव ग्रेन मॉर्फिया टोचलं. थोड्या वेळानं अंगठा थांबला, चेहरा सैल पडला. माझा जीव भांड्यात पडला.

मग मात्र मी कडूबाईवर तोंड टाकलं. तिनं ते मळणं पाहिलं होतं आणि मी आंघोळीहून येईपर्यंत बसून राहिली होती. सुई टोचायला तिला आधीच्या सिस्टरनं शिकवलंय, मग थांबली कशाला? ती म्हणाली, तुमी नव्या, तुमाला इचारावं म्हनलं. मी म्हटलं, विचारत थांबायचं नाही. तळमळ दिसली की द्यायचं. माणूस कोण, काय म्हणतो, ते बघायचं नाही, तळमळीत माणूस काहीही बोलतो. मग तिचा हात बघावा म्हणून बागेतल्या पेरूवर साध्या पाण्याच्या सुया मारायला लावल्या. हात माझ्यापेक्षा हलका आहे बाईचा. छगनलाही उभा करून पेशंटला धरायचं कसं ते दाखवलं, म्हणजे सुई मोडणार नाही.

शनिवार, १३ फेब्रुवारी

रंभाजी सकाळी गेले. सुईनंतर ते जागे झालेच नाहीत. पाव ग्रेननं माणूस मरत नाही. पण त्यांची वेळ आलीच होती.

लिहावं की नाही कळत नाही, पण लिहिते. त्यांची खाट धुऊन मी वळले तर पलीकडच्या खाटेवर बनाबाई. उजवा अंगठा, डावा तळहात. तंबाखू मळत होती. माळकरीण बाई, आयुष्यात पान खाल्लेलं नाही. वर मला विचारते, गाडी जुंपली का.

ऐकून ऐकून उचललं असेल. एकाच खोलीत पडलेली माणसं. पाव ग्रेन दिलं.

सोमवार, १५ फेब्रुवारी

डॉक्टर आले नाहीत. जीप निवडणुकीच्या कामाला सरकारनं घेतली, मतदान होईपर्यंत यायला जमेलसं वाटत नाही, असा निरोप रेल्वेच्या गार्डाबरोबर आला. औषध पुरेसं आहे, स्टँडिंग ऑर्डर आहे, काळजी नसावी.

बनाबाई काल मध्येच जागी झाली आणि अंगठा पुन्हा सुरू. पुन्हा दिलं. ऑर्डरप्रमाणे.

मला स्वस्थ बसवत नाही. कपाट दोनदा आवरलं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

बनाबाई गेली. मी लगेच वळून मुक्ताबाईकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला बघायचं नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसली आणि काहीतरी थट्टा करणार होती. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. हात पांघरुणाबाहेर आले. अंगठा तळहातावर फिरायला लागला.

ती आपल्या हाताकडे अशी बघत होती, जणू तो दुसऱ्याच कोणाचा असावा. म्हणाली, केशर, ह्ये मी न्हाई करत. मग म्हणाली, गाडी जुंपली का.

कडूबाईनं स्टोव्ह पेटवला होता. सिरिंज उकळत होती. मी जाऊन स्टोव्ह विझवला. देणार नाही. ही बाई मरायला टेकलेली नाही, ही भाकरी खाते, हिला नातवंड बघायचंय. एकाला गप्प केलं की ते पुढच्या खाटेवर जातं. आणि ज्याला गप्प केलं तो उठत नाही. काय ते मला ठाऊक नाही. पण मी सुई देणार नाही.

कडूबाई म्हणाली, ऑर्डर हाय बाई. शांतपणे म्हणाली. तिच्यात वाईटपणा नाही, तिला खरंच मुक्ताबाईची कीव येत होती. म्हणून तर मला भीती वाटली.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

छगनला गोरक्षनाथकडे पिटाळलं. आईला न्यायला ये, उशीर करू नकोस. गावात नव्हता, पाहुण्यांकडे गेला होता. सोमवारी गाडी घेऊन येतो असं त्याच्या सुनेनं, म्हणजे मुक्ताबाईच्या सुनेनं सांगितलं. माझं लिहिताना असं होतंय.

सोमवारपर्यंत मुक्ताबाईला सांभाळायची. सबंध दिवस तिच्या खाटेवर बसले. उठायला लागली की उठवली, पडवीतून फिरवली, पुन्हा बसवली. दुपारी तिची तळमळ इतकी वाढली की खाट सरकायला लागली. मी तिचा अंगठा माझ्या मुठीत घट्ट धरला. तो मुठीतही फिरत होता. मासा धरल्यासारखा. मी सोडलं नाही.

मग एकदम थांबला. मुक्ताबाईनं मोठा श्वास सोडला, भूक लागली म्हणाली. पिठलं भाकरी खाल्ली. सुई नाही, काही नाही. मी बाहेर जाऊन आनंदानं रडले.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

मुक्ताबाई झकास. माझ्या टोपीला पुन्हा द्रोण म्हणाली.

मला झोप नाही. नुसती येरझारा घालते. बसलं की उठावंसं वाटतं. उसाच्या गाड्या सकाळपासून रस्त्यानं जातायत, प्रत्येक गाडीच्या घुंगरांना मी फाटकापर्यंत जाऊन येते. कशाला, ते कळत नाही.

कडूबाई माझ्या हातांकडे बघते.

शनिवार, २० फेब्रुवारी

माझा अंगठा.

मुक्ताबाईची वेणी घालत होते, ती म्हणाली केशर, काय मळतीस? पाहिलं तर — माझ्या तळहातावर. लाल झालंय. किती वेळ चालू होतं कोण जाणे. टाचणीनं टोचून पाहिलं. दुखतं. तरी फिरतो. फक्त लिहिताना जरा ताब्यात राहतो, पेन धरायला लागतो म्हणून.

मी नर्स आहे. जागरण झालंय. हे मनाचे खेळ असू शकतात.

कडूबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, आधीची सिस्टर गेली कुठे. ती म्हणाली, त्यांनाबी लई तळमळ लागली हुती, बाई. घरी जायाचं म्हनायच्या सारख्या. मग द्यावी लागली. त्या खाटेवर, खिडकीपाशी. शांत गेल्या. डॉक्टरसायबांनीबी चांगलं केलं म्हनले.

मी म्हटलं, ती पेशंट नव्हती. कडूबाईला कळलंच नाही मी काय म्हणते ते. ऑर्डरवर कुठं तसं लिवलंय, म्हणाली.

नाही लिहिलेलं. मीच पहिल्या दिवशी वाचलं होतं आणि सोडून दिलं.

रविवार, २१ फेब्रुवारी

पुठ्ठ्यावर पेननं लिहायला गेले, ‘फक्त पेशंटसाठी’. छगननं हात धरला. साहेबांच्या सहीशिवाय न्हाई बाई. आवाज चढवला तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ओरडणं हे पण लक्षण. मी गप्प झाले. अजून सुई उकळत नाहीत. बघतायत. दिवसभर थांबून बघू, म्हणाली कडूबाई, बाई लई चांगल्या हायत.

स्टेशनवर जावं. पॅसेंजरनं पुण्याला. पण मुक्ताबाईला या दोघांपाशी टाकून? तिचा हात पुन्हा नुसता थरथरला तरी —

आणि मी जरी म्हटलं की मला घरी जायचंय. घरी जायचंय म्हणणं हेच तर —

हे कोणाला सांगायचं. जे बोलीन ते तळमळ. पळीन ते तळमळ. सुईला नको म्हणीन ती तर सगळ्यात मोठी. मीच शिकवलं की, काय म्हणतो ते बघायचं नाही.

दुपारी हातांवर बसून राहिले. मांड्यांखाली अंगठा फिरत होता. कडूबाईकडे बघून हसले. फार भीती वाटते आहे. आईची आठवण येते.

मुक्ताबाईनं ओळखलंय. कुशीवर वळून हात पुढे केला. म्हणाली, आन इकडं, माझं मला दे. तुझं वय न्हाई.

एकदा धरला असता तर सुटले असते. खरंच. धरावासा वाटला. उठून बाहेर गेले.

सोमवार, २२ फेब्रुवारी

गोरक्षनाथ आला. बैलगाडी फाटकात. मुक्ताबाईला गोधडीत बसवली. हात पुन्हा पुढे. मी माझे पाठीमागे बांधून घेतले.

गाडीत जागा होती. चढले असते. गोरक्षनाथ म्हणालाही, चला बाई कोपरगावापतुर. पण त्या घरात ते बाळ येणार. मी नाही चढले.

गेली. मुक्ताबाई जिवंत घरी गेली. हे मी केलं, बरं वाटतं.

वॉर्ड रिकामा. मी पडवीत बसले आहे. शांत आहे. नीट लिहिते आहे, अक्षर बघा — सरळ आहे.

स्टोव्हचा आवाज येतोय.

मावशीला सांगितलं, डॉक्टर येऊ देत. ती म्हणाली, इचारत थांबू नये बाई. डोळ्यांत पाणी आहे तिच्या. खरं पाणी —

छगन मागे उभा राहिलाय. खांद्यावर हात. मी दाखवला तसाच धरलाय, हलका —

तळमळत नाही मी. लिहिते आहे म्हणून हात हलतो. तसं तिला सांगितलं. ती म्हणते, त्येच म्हनते बाई, हात थांबंना तुमचा. डोळे मिटा. गाडी जुंपलीया —

स्पिरिटचा बोळा. गार.

मी नुसती लिहिते आहे. ही तळमळ नाही, हे लिहि